अंधारातील जीव आणि जीवाचा आरंभ
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखरूप मजकूर)



महोत्सव समितीने मला ‘व्यापार आणि नीती’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. कापडाच्या दुकानात चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या माणसाकडून तीच अपेक्षा असणे स्वाभाविक होते. मी विषय बदलून मागितला आणि समितीने, थोड्या आश्चर्याने का होईना, तो दिला. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. बी. कॉम. झालो आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांनी हातात मीटरपट्टी दिली. परंतु दुपारी गिऱ्हाईक नसते त्या वेळी वाचण्याची सवय लागली आणि गेल्या काही वर्षांत ती सवय एका प्रश्नाभोवती फिरत राहिली. तो प्रश्न माझा नाही. माझ्या नातीचा आहे.

दोन वर्षांपूर्वी ती पाठशाळेतून घरी आली, ती पाण्याच्या थेंबाचे चित्र पाहून. हे चित्र आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिले आहे. एका थेंबात वळवळणारे असंख्य जीव, शेजारी स्कोर्सबी नावाच्या इंग्रज कप्तानाचे नाव आणि खाली आकडा : ३६,४५०. ती म्हणाली, “आजोबा, पाण्यात जीव असतात हे कळलं. पण पहिला जीव पाण्यात आला कुठून?” मी वहीतून डोके वर न काढता उत्तर दिले, “जीव अनादी आहे. पहिला असा कोणी नसतो.” त्यावर ती म्हणाली, “मग आमच्या शाळेच्या पुस्तकात जीवसृष्टी सुरू झाली असं का लिहिलंय?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी म्हणालो, “मोठी झालीस की कळेल.” तिने पुन्हा विचारले नाही. ती गप्प बसली याचेच मला पुढे वाईट वाटत राहिले. आजचे हे भाषण त्या चुकवलेल्या उत्तराची थोडीशी भरपाई आहे, असे समजावे.

प्रथम त्या थेंबाविषयी. समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात, असे आज सूक्ष्मजीवशास्त्र सांगते. एक मिलिलिटर म्हणजे सुमारे वीस थेंब. म्हणजे एका थेंबात पन्नास हजार. हा हिशेब मांडल्यावर मला क्षणभर फार आनंद झाला. परंतु नंतर हिशेबनिसाची सवय आडवी आली. चित्रातील आकडा कोणत्या पाण्याचा, कोणत्या ऋतूतला, केवढ्या थेंबाचा, हे कोठेच लिहिलेले नसते. व्हाउचर नसलेली नोंद मी माझ्या खतावणीत घेत नाही. मग धर्माच्या खात्यात ती का घ्यावी? पाण्यात जीव आहेत ही गोष्ट खरी ठरण्यासाठी त्या आकड्याच्या आधाराची गरजही नाही.

आमच्या घरी त्याचा आधार निराळा होता. माझी आई आयुष्यभर पाणी गाळून वापरीत असे. त्यासाठी लागणारे गाळणे दुकानातील मांजरपाटाचे. ३६ अंगुळे लांब, २४ अंगुळे रुंद, आणि वापरताना दुहेरी. कोरे कापड ती कधीच घेत नसे. आधी खळ निघेपर्यंत चार-सहा वेळा धुवायचे, मग वापरायचे. गाळून झाले की गाळणे उलटे करून त्यावर गाळलेलेच पाणी ओतायचे आणि ते पाणी पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडायचे. त्याला जिवाणी म्हणत. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात तो परत गेला पाहिजे, कारण दुसऱ्या पाण्यात तो जगेल याचा भरवसा नाही, असे ती सांगत असे. मी पदवीधर झाल्यावर या सर्वाला हसत असे. घरात नळ आला, पुढे शुद्धीकरण यंत्र आले. आई मात्र यंत्रातून आलेले पाणीही गाळीत असे.

२००३ साली बांगलादेशातील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिकन शास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतलब भागातील ६५ खेड्यांत, सुमारे १ लाख ३३ हजार लोकसंख्येत तो केला होता. पटकीचा जंतू पाण्यात नुसता तरंगत नसतो. तो कोपेपॉड नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कवचधारी जीवांच्या अंगावर वस्ती करून असतो. एका कोपेपॉडवर हजारो जंतू. एकटा जंतू कापडातून सहज निसटतो, परंतु त्याचे वाहन अडकते. सुती साडीच्या किमान चार घड्या करून पाणी गाळलेल्या खेड्यांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने, ४८ टक्क्यांनी घटले. मला विशेष वाटले ते पुढचे : नव्या साडीपेक्षा वापरून जुनी झालेली साडी अधिक चांगली गाळते. धुऊन धुऊन सुताचे तंतू सुटतात, फुगतात आणि ताण्याबाण्यातील भोके बुजतात. हे मी वाचले तेव्हा आई हयात नव्हती. कोरे कापड का नको, हे मी चाळीस वर्षे कापड विकूनही तिला कधी विचारले नव्हते.

आता मूळ विषयाकडे वळतो. जीव कोठे असू शकतो, याविषयीची माणसाची कल्पना गेल्या पन्नास वर्षांत जितकी बदलली तितकी त्यापूर्वी क्वचितच बदलली असेल. आणि त्या बदलाची सुरुवात अशा माणसांकडून झाली की जे जीव शोधायला गेलेच नव्हते.

१९७७ सालचा फेब्रुवारी महिना. पॅसिफिक महासागरात, गॅलापागोस बेटांपासून काहीशे किलोमीटर अंतरावर एक अमेरिकन संशोधन मोहीम काम करीत होती. समुद्राच्या तळाशी भूकवच दुभंगते तेथे गरम पाण्याचे झरे असावेत, असा भूशास्त्रज्ञांचा तर्क होता. त्यांनी कॅमेरे आणि तापमापक बसवलेली एक पोलादी चौकट तळाजवळून ओढत नेली. दर काही सेकंदांनी एक छायाचित्र, अशी सुमारे तीन हजार छायाचित्रे निघाली. सर्वत्र काळा, ओसाड लाव्हा. केवळ एका ठिकाणी तापमापकाचा काटा क्षणभर वर गेला होता, आणि नेमक्या त्याच वेळच्या तेरा छायाचित्रांत शेकडो पांढरे शिंपले दिसत होते. त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही.

१७ फेब्रुवारी रोजी ‘अल्विन’ या लहानशा पाणबुडीतून तिघेजण तेथे उतरले. खोली सुमारे अडीच किलोमीटर. तेथे सूर्याचा एक किरणही पोहोचत नाही. पाण्याचा दाब जमिनीवरील हवेच्या अडीचशे पट. पाणी दोन अंश, म्हणजे बर्फाच्या उंबरठ्यावर. अशा ठिकाणी लाव्ह्याच्या भेगांतून कोमट, झिळमिळणारे पाणी वर येत होते आणि भोवती शिंपल्यांची, खेकड्यांची, कोळंबीसारख्या जीवांची वस्ती गजबजलेली होती. पुढच्या बुड्यांत आणखी एक नवल दिसले. पांढऱ्या नळ्यांत राहणारे, टोकाला रक्तासारखा लाल तुरा असलेले कृमी. पुढे कळले की ते माणसाच्या उंचीपेक्षाही लांब वाढतात.

त्या जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता! कोणाला वाटलेच नव्हते की लागेल. नमुने टिकवण्यासाठी पुरेसे रसायनही नव्हते, म्हणून बरेचसे जीव पनामात घेतलेल्या रशियन मद्यात बुडवून ठेवावे लागले. या व्यासपीठावरून मद्याचा उल्लेख केल्याबद्दल क्षमा असावी. परंतु घडले तसे सांगितले पाहिजे. वर आणलेल्या पाण्याची बाटली उघडताच कुजक्या अंड्यांचा वास सुटला. तो हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा वास होता, आणि सर्व रहस्याची किल्ली त्याच वासात होती.

प्रश्न असा की हे जीव खातात काय? आपण आजवर शिकलो ते असे : सूर्यप्रकाशावर वनस्पती जगतात, वनस्पतींवर प्राणी. सूर्य नाही तेथे वरून गळून पडणाऱ्या उष्ट्याखरकट्यावर तुरळक जीव तग धरतात. पण येथे तर भरला बाजार होता. त्यात त्या लांब कृमीला तोंडच नव्हते. पोट नाही, आतडे नाही, गुदद्वार नाही. शरीराच्या आत एक मोठा स्पंजासारखा अवयव मात्र होता.

१९८० साली हार्वर्ड विद्यापीठात एका तज्ज्ञाचे या कृमीवर व्याख्यान होते. त्याच्या अंगात गंधकाचे स्फटिक सापडतात, असे ते सांगत होते. श्रोत्यांत कॉलिन कॅव्हॅनॉ नावाची एक तरुण विद्यार्थिनी होती. तिने मध्येच उठून सांगितले की याच्या पोटात गंधकावर जगणारे जिवाणू असलेच पाहिजेत आणि तेच याला पोसत असले पाहिजेत. वक्त्यांनी तिला खाली बसवले नाही, तर त्या अवयवाचा एक तुकडा तपासायला दिला. १९८१ साली तिचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या अवयवात अब्जावधी जिवाणू होते. कृमी लाल तुऱ्याने पाण्यातला विषारी वायू आणि प्राणवायू शोषून आत पोचवतो. जिवाणू त्यांच्या संयोगातून मिळालेल्या ऊर्जेवर कर्बद्विप्राणिल वायूपासून अन्न तयार करतात. त्या अन्नावर घर आणि भाडेकरू दोघेही जगतात. विद्यार्थिनीला बोलू देणाऱ्या त्या वक्त्यांविषयी वाचताना मला माझे “मोठी झालीस की कळेल” हे वाक्य आठवले, हे येथे कबूल करतो.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. हा कृमी सूर्यापासून पूर्णपणे स्वतंत्र आहे, असे अनेक लोकप्रिय लेखांत लिहिलेले असते. ते तितकेसे खरे नाही. जो प्राणवायू तो वापरतो तो मुळात पृष्ठभागाजवळच्या उजेडात वनस्पतींनी व सूक्ष्म जीवांनी तयार केलेला असतो. सूर्याशी त्याचे नाते दूरचे आहे, पण तुटलेले नाही.

ज्याचे नाते खरोखर तुटलेले आहे असा जीव दक्षिण आफ्रिकेत जमिनीखाली २.८ किलोमीटर खोल, एम्पोनेंग नावाच्या सोन्याच्या खाणीत सापडला. तेथे खडकाच्या फटींत लक्षावधी वर्षे कोंडलेले पाणी आहे, साठ अंशांच्या आसपास तापलेले. २००८ साली त्या पाण्यातील जीवांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. ९९.९ टक्क्यांहून अधिक सूक्ष्मजीव एकाच जातीचे निघाले. ना शेजारी, ना गिऱ्हाईक, ना पुरवठादार. भोवतीच्या खडकातील युरेनियमच्या किरणोत्साराने पाण्याचे रेणू फुटतात, त्यातून हायड्रोजन सुटतो, आणि त्या हायड्रोजनावर हा जिवाणू जगतो. कर्ब आणि नत्र यांची सोय तो स्वतःच करतो. त्याच्या नावातील लॅटिन शब्दांचा अर्थ ‘धाडसी प्रवासी’ असा आहे. ज्यूल व्हर्न यांच्या पृथ्वीच्या पोटात उतरणाऱ्या कादंबरीवरून ते दिले आहे. मला मात्र त्याला प्रवासी म्हणवत नाही. तो कोठेही न जाता बसून आहे.

त्याच देशातील दुसऱ्या एका सोन्याच्या खाणीत, सव्वा किलोमीटरहून अधिक खोलीवर, अर्धा मिलिमीटर लांबीचा एक कृमी सापडल्याचे २०११ साली जाहीर झाले. जिवाणू नव्हे, बहुपेशीय प्राणी! इतक्या खोल प्राणी असेल असे तोवर कोणी धरले नव्हते.

इतक्या दूर तरी कशाला जायचे? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने आपण सर्व अंथरुणातून बाहेर धावलो होतो. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. आईने आम्हा भावंडांना चौकात उभे केले आणि णमोकार म्हणत राहिली, एवढे स्पष्ट आठवते. त्या भूकंपाची कारणे समजून घेण्यासाठी अलीकडच्या काळात कोयना परिसरात खोल विवरे खोदण्यात आली. गोठणे येथील विवर २०१७ साली तीन किलोमीटर खोलीपर्यंत गेले. येथील काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्याखाली अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइटी खडक. या प्रदेशातील विवरांतून काढलेल्या खडकाच्या दांड्यांची तपासणी खरगपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी केली, तेव्हा लाव्ह्याच्या थरातही आणि त्याखालच्या ग्रॅनाइटातही जिवाणूंच्या खुणा मिळाल्या. अतिशय विरळ, पण मिळाल्या. आपण ज्या भूमीवर पाय ठेवून बसलो आहोत ती खालपर्यंत रिकामी नाही.

लोणारविषयी थोडक्यात. जून २०२० मध्ये ते सरोवर एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून सांगितले की हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा आहे. हे जिवाणूंसारखे दिसणारे, पण जिवाणू नसलेले जीव. ‘आर्किया’ हा त्यांचा स्वतंत्र वंश कार्ल वूज या शास्त्रज्ञाने ओळखला तोही १९७७ सालीच. त्याच वंशातील एक जीव हिंदी महासागराच्या तळावरील ‘काइरेई’ नावाच्या झऱ्यातून मिळाला आणि जपानी शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले की तो १२२ अंश सेल्सिअसलाही वाढतो. आपले उकळलेले पाणी त्याला गारच वाटेल. अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यात १९६० च्या दशकात सापडलेल्या एका जिवाणूचे तर आपल्या सर्वांवर प्रत्यक्ष उपकार आहेत. त्याच्यापासून मिळालेल्या, उष्णतेतही न बिघडणाऱ्या विकरामुळेच करोनाच्या साथीत आपल्या नाकातील नमुन्यांची ती चाचणी करता आली.

येथपर्यंत जीव कोठे राहतो याची हकीकत झाली. नातीचा प्रश्न त्यापुढचा आहे.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. खडकांत उमटलेल्या जीवांच्या निःसंशय म्हणाव्यात अशा खुणा सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या. सर्व सजीवांचा समान पूर्वज याहूनही आधी, ४२० कोटी वर्षांपूर्वी असावा, असा एक अंदाज २०२४ साली मांडला गेला. म्हणजे पृथ्वी निवते न निवते तोच जीव हजर झालेला दिसतो. तो कसा?

डार्विनने १८७१ साली एका पत्रात उबदार, लहानशा तळ्याची कल्पना बोलून दाखवली होती. १९२४ साली रशियात ओपारिन यांनी आणि १९२९ साली इंग्लंडात हाल्डेन यांनी, एकमेकांना न विचारता, जवळजवळ एकच विचार मांडला : प्राचीन समुद्रात सेंद्रिय द्रव्ये साठत गेली आणि त्यांतून जीव घडला. हे हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. येथे आल्यावर ते भारतीय पोशाख वापरीत, ही माहिती कापडवाल्याने गाळणे बरे नव्हे. १९५३ साली स्टॅन्ले मिलर या तरुणाने आपले गुरू हॅरोल्ड युरी यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या बंद पात्रांत पाणी, मिथेन, अमोनिया व हायड्रोजन घेऊन त्यांत आठवडाभर विजेच्या ठिणग्या पाडल्या. पाणी तांबूस झाले आणि त्यात अमिनो आम्ले मिळाली. आपल्या शरीरातील प्रथिने ज्या मण्यांची गुंफलेली असतात, ते मणी.

आता तर हे मणी आकाशातूनही आले आहेत. ‘बेन्नू’ नावाच्या लघुग्रहावरील माती अमेरिकन यानाने सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आणली. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले की जीवसृष्टी वापरते त्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा तिच्यात आहेत आणि जनुकांच्या लिपीची पाचही अक्षरे आहेत. पण एक गोम आहे. ती सांगायला मी योग्य माणूस आहे, कारण ती सुताची गोम आहे. सुताला पीळ देताना तो उजवा देता येतो किंवा डावा. धागा तोच, पण पीळ भिन्न. अमिनो आम्लांनाही असेच डावे-उजवेपण असते. बेन्नूवरील द्रव्यांत दोन्ही जवळपास समसमान निघाली. पृथ्वीवरील सजीवांची प्रथिने मात्र केवळ डाव्या पिळाच्या मण्यांची विणलेली आहेत. मुंगी असो, वडाचे झाड असो, तो तोंड नसलेला कृमी असो, वा आपण. ही निवड कोणी, कोठे, कशी केली, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही. मणी मिळाले म्हणजे माळ मिळाली असे होत नाही. आणि सुताचा ढीग पडला म्हणून तागा तयार होत नाही.

आज शास्त्रज्ञांत ढोबळमानाने दोन पक्ष दिसतात. एक तळ्याचा : उन्हाने आटणे, पावसाने भरणे, या फेऱ्यांत लहान रेणू जोडले जाऊन लांब साखळ्या झाल्या. दुसरा समुद्रतळाचा. त्यांचा आधार २००० सालच्या डिसेंबरात अटलांटिक महासागरात सापडलेले एक अद्भुत स्थान आहे. तेथे साठ मीटरपर्यंत उंचीचे पांढरे मनोरे उभे आहेत. त्यांतून चाळीस ते नव्वद अंशांचे अल्कधर्मी पाणी झिरपते. आणि खडकाच्या भिंतींत असंख्य सूक्ष्म कप्पे आहेत. त्या कप्प्यांच्या पातळ भिंतीच्या आत एक पाणी आणि बाहेर दुसरे, या फरकातून ऊर्जा मिळते, जशी आपल्या प्रत्येक पेशीला आजही मिळते. तळ्याचे पक्षपाती विचारतात की सदा भरलेल्या पाण्यात साखळ्या जुळण्याऐवजी तुटतील, त्याचे काय? समुद्राचे पक्षपाती विचारतात की तळ्यात सतत ऊर्जा पुरवणारे कोण होते? माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, पण त्याला वाचकाच्या आवडीपेक्षा अधिक किंमत देऊ नये.

आणि आपले शास्त्र? पृथ्वीकाय, अप्काय, तेजस्काय, वायुकाय, वनस्पतिकाय. दगडात, पाण्यात, अग्नीत जीव. एका शरीरात अनंत जीवांचा एकत्र श्वास घेणारा निगोद. खाणीतील जिवाणू, १२२ अंशांतील जीव यांविषयी वाचताना हे शब्द मनात येत नाहीत असे होणारच नाही. परंतु ‘हे सर्व आमच्याकडे आधीच लिहिलेले आहे’ असे म्हणून थांबणाऱ्यांत मला जायचे नाही. दगडातील फटीत राहणारा जिवाणू आणि ज्याचे शरीरच पृथ्वी आहे असा पृथ्वीकायिक जीव या एकच गोष्टी नाहीत. दोन तागे एका रंगाचे दिसतात म्हणून एका गिरणीचे ठरत नाहीत. आधी लिहिलेले होते, तर अडीच किलोमीटर खाली जाऊन पाहण्याची उत्सुकता आपल्यापैकी कोणाला का झाली नाही, हाही प्रश्न उरतोच.

अनादित्वाविषयी मी एवढेच समजू शकलो. शास्त्रज्ञ विचारतात ते पेशी नावाची रचना प्रथम केव्हा जुळली, हे. तो आपल्या भाषेत पर्यायाचा प्रश्न झाला. जीवद्रव्य अनादी आहे, हे विधान त्या प्रश्नाचे उत्तर नाही. ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. नातीने एक विचारले आणि मी दुसरेच उत्तर दिले होते. या भेदाने सर्व विरोध मिटतो, असे मात्र मी म्हणणार नाही. निर्जीव द्रव्ये जुळत जाऊन त्यांतूनच जाणीव प्रकटली, असे विज्ञान एक दिवस सिद्ध करील तर तो आपल्या सिद्धांतापुढचा खरा पेच असेल. ते अद्याप सिद्ध झालेले नाही. झाले तर त्या दिवशी त्याचा प्रामाणिकपणे विचार करावा लागेल, आणि तो आपल्या नातवंडांना करावा लागेल.

शेवटी एका गोगलगायीविषयी बोलतो, कारण तिचा संबंध आपल्या व्यापारी समाजाशी येतो. मघाशी उल्लेखिलेल्या काइरेई झऱ्यावर २००१ साली ती आढळली. तिच्या पायावर कौलांसारखे खवले आहेत आणि त्या खवल्यांवर लोह-गंधकाचे कवच! लोखंडी चिलखत घातलेला दुसरा प्राणी ज्ञात नाही. तीही अन्न शोधत नाही. तिच्या घशाजवळच्या ग्रंथीत जिवाणू तिला पोसतात. २०१९ साली जागतिक निसर्ग संवर्धन संघाने तिची नोंद संकटग्रस्त म्हणून केली, कारण तिची वस्ती तेव्हा हिंदी महासागरात अवघ्या तीन ठिकाणी ठाऊक होती आणि त्यांपैकी दोन ठिकाणे खनिजांच्या शोधासाठी परवाने दिलेल्या क्षेत्रात होती. या झऱ्यांभोवती तांबे, जस्त, सोने, चांदी साठते. भारतानेही २०१६ साली हिंदी महासागरातील दहा हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा खनिजांच्या शोधाचा करार केला आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी साडेचार किलोमीटर खोलीवरील एका झऱ्याची छायाचित्रे घेतली. शोध घेणे वेगळे आणि खोदणे वेगळे. खोदकाम सुरू झालेले नाही. होईल तेव्हा त्या कंपन्यांचे समभाग बाजारात येतील आणि ते घेणाऱ्यांत आपली नावे असतील. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याचा धंदा आहे. समुद्रतळाची भूमी त्यात येते की नाही, हे आपल्या विद्वानांनी आताच सांगावे, अशी माझी विनंती आहे.

हे बोलण्याचा मला कितपत अधिकार आहे, असे कोणी विचारील. विचारावेच. माझ्या दुकानात रेशीम आहे. एका साडीसाठी हजारो कोश आतल्या जीवासह उकळले जातात, हे मला ठाऊक आहे. आई त्या कपाटाला हात लावीत नसे आणि त्याविषयी मला कधी बोललीही नाही. लग्नसराईत निम्मी उलाढाल त्या कपाटातून होते. मी ते अद्याप बंद केलेले नाही. समितीने दिलेला मूळ विषय टाळण्याचे एक कारण हेही होते.

गेल्या महिन्यात हे भाषण लिहून झाल्यावर मी ते नातीला वाचून दाखवले. ती आता सातवीत आहे. तिने पिळाचा भाग पुन्हा वाचायला लावला, माझ्याकडून सुताचे दोन धागे मागून घेतले आणि दोन्ही पीळ स्वतः देऊन पाहिले. मग तिने विचारले, “आजोबा, ते जे पाणबुडीतून वर आणले, ते त्यांनी परत सोडले का?”

मी तिला खरे तेच सांगितले, की नाही. मद्यात ठेवले ते तर राहिलेच. आणि परत सोडले असते तरी त्या दाबातून वर आल्यावर ते जगले नसते.

ती म्हणाली, “मग खालीच बघायचं होतं ना.”